सोशिकपणा हे निदान नव्हे

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयीची एक हकिकत मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. लोककलेवरच्या चर्चासत्रांत आणि वर्तमानपत्री पुरवण्यांत ही हकिकत आदराने सांगितली जाते आणि त्या आदराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती हकिकतीच्या उपयोगाविषयी. कलेवरची निष्ठा किती पराकोटीची असावी याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. त्या कनातीमागे एखादी सुईण का नव्हती, नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, फडाच्या अर्थकारणात बाळंतपणाच्या विश्रांतीला जागा का नव्हती, हे प्रश्न हकिकतीच्या कडेलाही उमटत नाहीत. वेदना गिळणारी बाई आपल्याला इतकी आवडते की वेदनेचे कारण विचारणे आपल्याला सुचत नाही. याच विठाबाईंच्या अखेरच्या आजारपणातील रुग्णालयाचा खर्च देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला, ही दुसरी हकिकत मात्र तितक्या उत्साहाने कोणी सांगत नाही. २००२ साली त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

प्रस्तुत लेखाचा विषय तमाशा हा नाही. आरोग्यसेवेतील डॉक्टर, परिचारिका आणि अन्य कर्मचारी यांची स्त्री-रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी हा आहे. या दृष्टीविषयी बोलताना आपण सहसा उद्धटपणा, कामाचा ताण, संवेदनशीलतेचा अभाव असे शब्द वापरतो, आणि हा प्रश्न वैद्यकीय व्यवस्थेचा असल्याने साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये असे गृहीत धरतो. हे गृहीतक खोडून काढणे हा या लेखाचा हेतू आहे. डॉक्टर आणि परिचारिका वैद्यकाच्या वर्गात पोहोचण्याआधी अनेक वर्षे मराठीच्या वर्गात बसलेल्या असतात. बाई सोसते, बाईने सोसावे, सोसणारी बाई थोर, या तीन पायऱ्या त्यांना तेथेच शिकवल्या जातात. त्या पायऱ्या उतरून माणूस जेथे पोहोचतो ते ठिकाण म्हणजे ‘ओरडू नकोस’ असे बजावणारी बाळंतपणाची खोली होय.

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो, कारण या मुलखाच्या ओळखीतच एक बाळंतपण आहे. जिजाबाईंना शिवनेरीवर ठेवण्यात आले ते धामधुमीच्या काळात बाळंतपणासाठी सुरक्षित जागा हवी म्हणून. दरवर्षी १९ फेब्रुवारीला गडावर पाळणा हलवला जातो, मंत्रिगण येतात, मातृत्वाची महती गायली जाते. त्याच गडाच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे निघाले की आपटाळे, घाटघर आणि नाणेघाटाचा पट्टा लागतो. आंबेगावात डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे तळेघर, आहुपे, भीमाशंकरचा पट्टा. ही प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेलेले माळीण याच भागातले. पावसाळ्यात येथून दवाखाना गाठणे म्हणजे काय, हे त्या एका नावावरून कळावे. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर. तेथे द्राक्षे, टोमॅटो, ऊस आणि खासगी रुग्णालयांच्या पाट्या. पश्चिमेच्या बाईला अवघडल्या देहाने पूर्वेकडे यावे लागते. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येते, आणि ते कमी व्हावे म्हणून मागण्याही होतात. मात्र ती पोहोचल्यानंतर टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे जे अंतर उरते, त्याची मागणी कोणत्याही निवेदनात नसते.

या पश्चिम पट्ट्यातील बाया हिरडा गोळा करतात. आयुर्वेदाने हिरड्याला आईची उपमा दिलेली आहे. दूरच्या औषधी कारखान्यांना औषध पुरवणाऱ्या या हातांना स्वतःच्या ओटीपोटातील दुखण्यावर औषध मागताना मात्र मान खाली घालावी लागते.

बाळंतपणाच्या खोलीत उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याचा येथे विचार करू. “मूल करताना ओरडली नाहीस, मग आता कशाला ओरडतेस?” या आशयाचे वाक्य भारतातील वेगवेगळ्या राज्यांत बायांनी अभ्यासकांना सांगितलेले आहे, आणि ब्राझीलमधील बायांनी ते पोर्तुगीज भाषेत जवळजवळ याच शब्दांत ऐकलेले आहे. मराठीच्या अध्यापकाने या वाक्याची संहिता म्हणून चिकित्सा करावी. ‘करताना’ या कृदन्ताचा कर्ता कोण? ती एकटी. मूल तिने एकटीने केले. ज्या समाजात लग्नाच्या वेळी मुलीला विचारले जात नाही आणि लग्नानंतर नकार देण्याची सोय नसते, त्या समाजात गर्भधारणेचे संपूर्ण कर्तृत्व या एका वाक्यात तिच्या पदरी टाकले जाते. दुसरे असे की, येथे कळा ही शारीरिक घटना राहत नाही, सुखाची किंमत होते. आणि किंमत चुकवणाऱ्याने तक्रार करायची नसते. तिसरे, या वाक्यातून वेगळा झालेला पुरुष बाहेर बाकावर बसलेला आहे आणि त्याला ‘अहो’ म्हणून बोलावले जाते. एका वाक्यात सर्वनामांची अशी वाटणी झालेली आहे. वाक्य उच्चारणारी व्यक्ती वाईट असेलच असे नाही. ती भाषेने तयार ठेवलेले वाक्य उचलते, इतकेच. आणि म्हणूनच ते अधिक भयंकर आहे.

हे केवळ बोलण्यापुरते राहत नाही. ओरडणाऱ्या बाईची कळ खरी की नाटकी, हा निर्णय ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतो. आणि कान जर ‘बायका कांगावा करतात’ या समजुतीत वाढलेला असेल तर तपासणी उशिरा होते. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, अडलेले मूल यांत तास-दोन तासांचा उशीर जिवाशी गाठ घालणारा असतो. बाईच्या तक्रारीवर अविश्वास ठेवणे ही म्हणूनच निव्वळ असभ्यता ठरत नाही. वैद्यकीय अर्थाने ते चुकलेले निदान असते.

‘सोशिक’ हे विशेषण आपण कोणाला लावतो ते पाहावे. बाईला, बैलाला आणि जमिनीला. पुरुषाला ते क्वचितच लागते, आणि लागले तर त्यात थोडी कीव मिसळलेली असते. आदिवासी बाईच्या वाट्याला ‘सोशिक’च्या जोडीने आणखी एक विशेषण येते : ‘काटक’. “या बायका काटक असतात, शेतात बाळंत होतात, यांना काही होत नाही” हे वाक्य कौतुक म्हणून बोलले जाते. कौतुकाच्या या भाषेने रुग्णाचे काय होते याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात जे. मेरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, लूसी, बेट्सी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. कृष्णवर्णीय बाईला वेदना कमी होतात, या त्या काळच्या समजुतीने असल्या प्रयोगांना आधार पुरवला. त्याला ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हटले गेले, न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला आणि तो उतरवायला २०१८ साल उजाडावे लागले. घाटमाथ्यावरच्या बाईला काटक म्हणणारा डॉक्टर सिम्स नव्हे, हे मान्य. पण दोघांच्या समजुतीचे कूळ एक आहे. ज्या देहाकडून कष्ट घ्यायचे त्या देहाला दुखत नाही असे मानले की घेणाऱ्याची झोप मोडत नाही.

आता भाषेच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे बाईच्या बोलीकडे वळू. ती म्हणते, ‘अंगावरून जातं’. ती म्हणते, ‘अंग बाहेर येतं’. गर्भाशयाला ती ‘पिशवी’ म्हणते, गर्भ राहण्याला ‘दिवस जाणं’, पाळीला ‘बाहेरची होणं’ किंवा ‘कावळा शिवणं’. एका अवयवाचे नाव घेण्याची चोरी असल्यामुळे तिने संपूर्ण देहाचे नाव, ‘अंग’, त्याला दिले. ही लाज तिला जन्मतः मिळालेली नव्हती. आपण ती दागिना म्हणून तिच्या अंगावर घातली. आणि मग तीच बाई टेबलासमोर बसून अंग म्हणते तेव्हा पलीकडून उत्तर येते : “नीट सांगता येत नाही का? अडाणीच आहेस.” ज्या संस्कृतीने तिला स्पष्ट बोलण्यास मनाई केली, तीच संस्कृती पांढरा कोट घालून तिला स्पष्ट न बोलण्याबद्दल दरडावते. स्पष्ट बोलली तर निर्लज्ज, आडून बोलली तर अडाणी. तिसरी वाट तिच्यासाठी ठेवलेलीच नाही.

ती गप्प राहते, म्हणजे तिला आजार नसतो काय? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अधिक विकार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या सुमारे ८ टक्के. या दोन आकड्यांमधील दरीला आपण सोशिकपणा म्हणत आलो. डॉ. राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात बायांचे आजार बायांच्याच शब्दांत समजून घेतले. त्या पुस्तकाचे शीर्षकच एक वैद्यकीय भूमिका आहे : आधी ऐका. मराठी विभागांतील किती अभ्यासक्रमांत ‘कानोसा’ला बोलीभाषेच्या अभ्यासाचा वा स्त्रीवादी समीक्षेचा ग्रंथ म्हणून जागा मिळाली, याचा प्रत्येक विभागाने स्वतःपुरता हिशेब करावा.

‘पिशवी’ या शब्दाचा प्रवास अधिक करुण आहे. बाईने संकोचापोटी योजलेला हा शब्द काही व्यावसायिकांनी उचलला आणि तिच्याविरुद्ध वापरला. पिशवी ही सामान ठेवण्याची वस्तू. सामान काढून झाले की पिशवी रिकामी. रिकामी पिशवी सांभाळायची कशाला? ‘मुलं झाली ना, मग पिशवीचं काय काम’ या तर्काचे उपमान असे घरगुती असल्यामुळे तो चटकन पटतो. जुन्नर आणि आंबेगावच्या बागायती पट्ट्यात दर हंगामात ‘विघ्नहर’ आणि ‘भीमाशंकर’ या सहकारी कारखान्यांच्या उसासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. तोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. या मोजणीतच बाईचे स्वतंत्र अस्तित्व पुसले जाते; पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा मात्र दोघांच्याही मजुरीतून कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. पांढरे जाते, कंबर दुखते अशा तक्रारी घेऊन आलेल्या कित्येक बायांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यात आले. यात मुकादमाची सोय आहे, उचलीचा फास आहे, रुग्णालयाचा नफा आहे, हे सर्व खरे. परंतु या सर्वांना एकत्र बांधणारा दोरा म्हणजे मुले झाल्यानंतर बाईच्या गर्भाशयाला काही अर्थ उरत नाही, हा समज. हाच समज नसता तर नफ्याला इतकी सोपी वाट सापडली नसती.

अशिक्षितपणामुळे असे घडते, असा युक्तिवाद येथे केला जाईल. तो टिकत नाही. शिक्षणाच्या सर्वोच्च पायरीवर काय लिहिले होते ते पाहू. ‘कौमार्याची लक्षणे’ हा विषय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे शिकवला जात होता. वर्ध्याच्या सेवाग्राम येथील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याला शास्त्रीय आधार नसल्याचे दाखवून दिल्यावर २०१९ साली तो वगळण्यात आला. बलात्कारित स्त्रीवर केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिच्या खासगीपणाचा भंग ठरवली. तरी ती चालू राहिली म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. इतके होऊनही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४च्या ऑगस्टअखेर आणलेल्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटल पुन्हा अवतरले. टीका झाल्यावर काही दिवसांत तो मागे घेण्यात आला. तेव्हा अडाणी कोण, हा प्रश्न टेबलाच्या कोणत्या बाजूला विचारायचा ते ठरवावे लागेल. घाटघरच्या बाईने ‘अंग’ म्हणणे हा अडाणीपणा. आणि एका पातळ पडद्यावरून चारित्र्य वाचता येते असे पदवीच्या वर्गात शिकवणे हे मात्र शास्त्र!

कायद्याचेही असेच. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. २०२१च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आणले. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालाने अविवाहितेलाही समान हक्क दिला. तरीही ‘मिस्टरांची सही आणा’ हे वाक्य काउंटरवरून हटत नाही. कायदा बदलला, पण वाक्य बदलले नाही, कारण वाक्ये कायद्याच्या आज्ञेत राहत नाहीत. ती सवयीच्या आज्ञेत असतात. कुटुंबनियोजनाचा भार कोणाच्या देहावर टाकला जातो तेही पाहावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची, हे प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला शिकवलेले असते. तरी समुपदेशनाचा मोर्चा बाईकडेच वळतो : ‘त्यांना कष्टाचं काम करायचं असतं.’ जणू हिरडा, भातलावणी, पाण्याचे हंडे आणि मोळ्या ही करमणूक आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणारे आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे स्त्रीच्या देहावर स्त्रीचाच अधिकार सांगत राहिले आणि त्यासाठी नोकरी गमावून कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांना आपण वाङ्मयेतिहासात एक परिच्छेद दिला आणि मोकळे झालो.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद : परिचारिका, आया, कित्येक डॉक्टर स्त्रियाच असतात, बायकाच बायकांशी असे वागत असतील तर यात पुरुषप्रधानता कोठून आली? पुरुषप्रधानता ही पुरुषाच्या देहात राहणारी वस्तू नाही, हे आपण स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला सांगतो आणि तास संपल्यावर विसरतो. आरोग्य केंद्रातील संबोधने पाहा. वर ‘साहेब’. खाली ‘सिस्टर’, ‘मावशी’, ‘आशाताई’. पुरुषाच्या कामाला हुद्द्याचे नाव, बाईच्या कामाला नात्याचे. नात्याचे नाव लावले की कामाचा मोबदला मागणे अशोभनीय ठरते, कारण बहीण आणि मावशी पगार मागत नसतात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेली ‘आशा’ ही सरकारी दप्तरी आजही ‘स्वयंसेविका’ आहे. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. त्यानंतरही महाराष्ट्रातील आशांना मोबदलावाढीसाठी संप करावा लागला. रात्री-अपरात्री गरोदर बाईला घेऊन घाट उतरणाऱ्या या बाईला रुग्णालयाच्या दारात बसायला खुर्ची मिळत नाही. तिला साहेब बोलतात, सिस्टरही बोलतात. आणि या उतरंडीच्या तळाशी, टेबलावर पाय दुमडून पडलेली बाई असते, जिला सर्वजणी बोलू शकतात. अपमान उताराने वाहतो. सोसलेली बाई दुसरीला सोसायला लावते तेव्हा ती व्यवस्थेतील अपवाद नसते, तिचा पाठ बिनचूक म्हणून दाखवणारी विद्यार्थिनी असते.

तिसरा युक्तिवाद कामाच्या ताणाचा. रिक्त पदे, अपुऱ्या खाटा, रात्रपाळ्या हे सर्व वास्तव आहे, आणि त्यासाठी शासनाला धारेवर धरलेच पाहिजे. पण ताण माणसाला चिडचिडे करतो. चिडचिडीचे शब्द तो पुरवत नाही. हाच थकलेला कर्मचारी हर्नियाच्या पुरुष-रुग्णावर ओरडला तरी त्याच्या शय्यासुखाचा उद्धार करत नाही. शब्दांची ही निवड ताणाने केलेली नसते. ती आधीच झालेली असते. ताण फक्त झाकण उडवतो.

आणि आता अखेरचा आक्षेप, जो या पानांवर सर्वांत आधी येईल : यात साहित्याचा काय संबंध? संबंध असा की, ही निवड जेथे होते ती जागा आपल्या ताब्यात आहे. मराठी साहित्याने वेदनेला प्रतिष्ठा दिली, पण ती वेदना दुसऱ्यासाठी सोसली जात असेल तरच. शाळेपासून आपण जी आई शिकवतो तिचे आजारपण हे तिच्या त्यागाचे शेवटचे प्रकरण असते. त्या आईला वेळेवर औषध का मिळाले नाही, असा प्रश्न कोणत्याही स्वाध्यायात नसतो. ‘आईच्या स्वभावाचे विशेष लिहा’ या प्रश्नाला ‘सोशिक’ हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात. तोच मुलगा पुढे वैद्यकीय अधिकारी होतो, तीच मुलगी परिचारिका होते, आणि समोरची बाई सोशिक नाही असे दिसताच त्यांना ती खोटी वाटू लागते. उत्तरपत्रिका आपण तपासलेली असते.

याच्या उलट जाणारा धागा आपल्या परंपरेत नाही असे नाही. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना सोशिकपणाचा आव क्षणभरही आणला नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांत गेले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधील श्रीरामपुरात, केलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते मांडले : बाई पुरुष डॉक्टरला आपले दुखणे सांगू शकत नाही. हा दयेचा मुद्दा नव्हता, बाईचे बोलणे ऐकले जाण्याचा होता. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या आयुष्यावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या मराठी कादंबरीच्या शीर्षकात त्यांच्या नावाला पतीचे नाव चिकटलेले आहे, अगदी केस पेपरवर असते तसे. स्त्री-डॉक्टर आल्या, त्यांची संख्या वाढली. आनंदीबाईंनी मांडलेला ऐकण्याचा मुद्दा मात्र मागेच राहिला, कारण तो डॉक्टरच्या लिंगापुरता नव्हता.

काय करता येईल, हे सांगितल्याशिवाय थांबणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बाळंतपणातील अपमान आणि मारझोड यांविरुद्ध निवेदन काढले. त्यापूर्वीच २००७ साली व्हेनेझुएलाने या प्रकाराला कायद्यात स्वतंत्र नाव देऊन त्याला स्त्रीवरील हिंसेचा एक प्रकार मानले. केंद्र शासनाच्या २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा आणि बाळंतपणाच्या वेळी सोबत बाईमाणूस असण्याची सोय यांचा समावेश आहे. गावोगावच्या महिला ग्रामसभांनी हा हक्क नाव घेऊन मागावा. त्यासाठी आधी नाव हवे. मराठीत या हिंसेला रूढ शब्द नाही. ‘सिस्टर जरा तापट आहेत’ या वाक्याखाली ती दडलेली आहे. ‘प्रसूतिहिंसा’ हा शब्द वापरून पाहावा. याहून चांगला सुचला तर तो वापरावा. पण शब्द घडवणे हे आपले काम आहे, ते आरोग्य खाते करणार नाही.

विद्यापीठात ‘व्यावहारिक मराठी’ नावाचा अभ्यासक्रम आहे. त्यात आपण जाहिरात, इतिवृत्त, मुलाखत शिकवतो. दवाखान्यातील संवाद हा त्याचा भाग का असू नये? मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथील महाविद्यालयांच्या बाकांवर बसलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी येत्या पाच-सात वर्षांत त्या टेबलावर असतील. काही जणी, काही मुले, टेबलाच्या बाजूला उभी असतील. ‘अंगावरून जातं’ म्हणजे काय हे उभ्या असलेल्यांना कळले पाहिजे, आणि ‘अगं’ऐवजी ‘अहो’ म्हणायला काहीही खर्च येत नाही हेही. पडलेल्यांना हे माहीत असले पाहिजे की ओरडणे हा गुन्हा नाही, तपासणीआधी कारण विचारण्याचा त्यांना हक्क आहे, आणि सही त्यांची चालते. पश्चिम पट्ट्यातील विद्यार्थिनींना त्यांच्या आज्यांकडून आजारांचे शब्द गोळा करायला सांगावे. त्या कोशाची एक प्रत आरोग्य केंद्राला द्यावी. प्रबंधांच्या ढिगाऱ्यात आणखी एक प्रबंध पडण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

आणि तोवर, निदान एवढे तरी व्हावे : पुढच्या परीक्षेत कोणत्याही व्यक्तिरेखेच्या वर्णनात ‘सोशिक’ हा शब्द आला की अध्यापकाने समासात एक प्रश्नचिन्ह काढावे. कोणी सोसायला लावले?